सँपल फ्लॅटमधला पलंग

गेल्या रविवारी पंचविशीतल्या एका मुलाने फॉर्मवर माझ्या नावापुढे इंग्रजी 'सी' लिहिला आणि त्याभोवती गोल काढला. दहावीला गणितात किती पडले होते ते मी कधीच विसरलो, पण हा 'सी' अजून पचत नाहीये.

बायकोच्या मावसबहिणीची वास्तुशांत बाविसाव्या मजल्यावर झाली. तिथे जेवून आल्यापासून आमच्या कोथरूडच्या घराला दुखणी जडली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, ५४० चौरस फूट. ओट्यापाशी दोघं उभे राहिलो की एकाने श्वास सोडल्याशिवाय दुसऱ्याला घेता येत नाही, हे पंचवीस वर्षांत कधी खुपलं नव्हतं. ते खुपायला लागलं. मग फोनवर नव्या फ्लॅटची जाहिरात दिसली, बोट चुकून लागलं, आणि पाचव्या मिनिटाला फोन. "सर, बस एक बार देख लो. पिकअप-ड्रॉप फ्री है." असे आम्ही पुनावळ्याला पोचलो.

तिथे फॉर्म भरायचा होता. सध्याचं घर? वन बीएचके. बजेट? आता इथे माणसाने जरा दम धरावा, छताकडे बघावं, "बघू, आवडलं तर पैशाचं काही नाही" असं पुटपुटावं. मी म्हणालो, "पासष्ट लाख." मुलगा गोड हसला आणि आमच्यापुढे नुकताच ठेवलेला बिस्किटांचा ट्रे उचलून शेजारच्या टेबलावर ठेवला. बायकोने हात पुढे केलेला होता. तो हात तिने तसाच वर नेऊन केस नीट केले.

शेजारच्या टेबलावर सत्तरी उलटलेले एक काका होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बगलेत कापडी पिशवी. आमची बिस्किटं ते चहात बुडवत होते.

सँपल फ्लॅटमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांना दाखवायला सजवलेल्या नमुन्याच्या घरात, शिरताना बूट काढावे लागतात. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी मोजे बघून घातले असते. उजव्या अंगठ्याला खिडकी होती. ती पायाखाली दुमडून मी लंगडत आत गेलो. आत सगळं पांढरं आणि थंड. आरसे जिथे लागत नाहीत तिथेही आरसे. मी टेबलावरच्या सफरचंदाकडे बघत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "प्लॅस्टिकचं आहे. मी मागच्या महिन्यात चावून बघितलंय."

काका आमच्यामागून आत आले होते.

"पुस्तकं पण उघडू नका. आतून खोकी आहेत. टीव्ही पुठ्ठ्याचा. आणि दारं कुठायत?" मी इकडे तिकडे पाहिलं. खरंच, एकाही खोलीला दार नव्हतं. "दार लावलं की ते उघडायला तीन फूट जातात. दार काढलं की खोली मोठी. साधं आहे." एवढं बोलून काकांनी कापडी पिशवीतून सुताराची टेप काढली आणि मास्टर बेडरूममधल्या पलंगाला लावली. "पाच फूट आठ इंच. बाजारातला पलंग सव्वासहा फुटांचा असतो. खोली लहान दिसू नये म्हणून पलंग आखूड करून घेतात. झोपून बघा."

"नको हो."

"अहो झोपा. तुम्ही उंच आहात, चटकन कळेल."

बायको म्हणाली, "झोपा ना, एवढं म्हणतायत तर." पंचवीस वर्षांच्या संसारात तिने मला दिवसाढवळ्या झोपायला सांगितलेला हा पहिला प्रसंग. मी झोपलो. पाय घोट्यापासून पुढे हवेत. अंगठा मोज्याच्या खिडकीतून बाहेर येऊन झुंबर बघू लागला. काका पायथ्याशी उभे राहून, डॉक्टर पेशंट दाखवतात तसे, आणखी एका जोडप्याला माझे पाय दाखवू लागले. "हे बघा, साडेपाच इंच बाहेर."

नेमका तो मुलगा आत आला. "सर, प्लीज, ये डिस्प्ले है." मी उठेना, कारण उठताना मोजा दिसणार. तो जवळ आला, अंगठा बघितला आणि त्याचा आवाज एकदम बदलला. "उठा की साहेब. मॅनेजर बघतोय, मला बोलणी बसतील." पोरगा बार्शीचा निघाला. गेला पाऊण तास आम्ही दोघं मराठी माणसं फाटक्या हिंदीत एकमेकांना घर विकत होतो. कुठे राहतोस विचारलं तर म्हणाला, ताथवड्याला, कॉट बेसिसवर, एका खोलीत चौघं. त्याच्या कॉटची लांबी मी विचारली नाही.

बाल्कनीत काकांची चौकशी केली. नारायण पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्या, वडिलांपासून भाड्याने. "भाडं विचारू नका, रात्री झोप नाही येणार तुम्हाला." रिटायर झाल्यापासून दर रविवारी एक सँपल फ्लॅट. न्यायला गाडी येते, चहा असतो, कधी वडे असतात, एसी असतो. बाणेर, बावधन, खराडी, मांजरी सगळं झालंय. घ्यायचं काहीच नाही. "लोक रविवारी सिंहगडावर जातात ना? तसं. दुसऱ्याची घरं बघून आलं की सोमवारी आपलं बरं वाटतं. आठवडाभर पुरतं."

मला माणूस भयंकर आवडला. मग बायकोने विचारलं, "काकू नाही येत बघायला?"

"एकदा आणलं होतं. बावधनला." काका टेप गुंडाळत होते. "बाथरूममध्ये गेली ती बाहेरच येईना. आमच्याकडे खाली चौकात आहे ना. पावसात छत्री घेऊन जावं लागतं. नंतर नाही आणलं तिला." आणि लगेच, "स्वयंपाकघर मोजलंत का तुम्ही?"

बायको पुढे काही बोलली नाही.

आमच्या भागात जुन्या बंगल्यांच्या पाट्या वाचत चालायची मला सवय आहे. 'श्रमसाफल्य', 'कृतार्थ', 'समाधान'. फंडातले पैसे काढून घर बांधलं, पाटी लावली, विषय संपला. पुनावळ्याच्या त्या टॉवरचं नाव इटलीतल्या गावासारखं आहे आणि मला ते अजून नीट म्हणता येत नाही. ज्या घराचं नाव मालकाला म्हणता येत नाही तिथे कुरिअर कसं पोचत असेल? असो.

किंमत ९८ लाख. त्यावर जीएसटी ५ टक्के, ४ लाख ९० हजार. मुद्रांक शुल्क ७ टक्के, ६ लाख ८६ हजार. नोंदणीचे ३० हजार. म्हणजे भिंतीला खिळा ठोकायच्या आधी १ कोटी १० लाख. ८० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याला ६९ हजार ४०० च्या आसपास. बँकेत जाणारे एकूण १ कोटी ६६ लाख. मी बावन्न वर्षांचा. शेवटचा हप्ता बहात्तराव्या वर्षी, हातात काठी घेऊन भरायचा. "हिंजवडी फक्त दहा मिनिटं," असं पाटीवर लिहिलंय. पहाटे तीनला निघालात तर खरं आहे.

आणि आता मला कोणी 'आहे त्यात समाधान मानावं' म्हणू नका. मला हे आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांच्याकडे किमान दोन फ्लॅट होते. एक राहायला आणि दुसरा समाधानासाठी.

निघताना काकांनी माझ्या फॉर्मवर नजर टाकली. "सी? अरेरे." मग समजावून सांगितलं. "ए म्हणजे चेकबुक घेऊन आलेला. बी म्हणजे घरी विचारून सांगतो म्हणणारा. सी म्हणजे चहा पिऊन जाणारा."

"मला तर चहासुद्धा नाही मिळाला. तुम्हाला काय आहे?"

"ए. नेहमी ए असतो."

"पण तुम्ही तर घेणारच नाही!"

"म्हणून काय झालं? मी प्रश्न विचारतो. पाणी कॉर्पोरेशनचं की टँकरचं? टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय का? बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी महारेराला ताबा कधीचा लिहिलाय? कार्पेट, म्हणजे घराच्या आतली जागा, ७४२ चौरस फूट म्हणता, त्यात आतल्या भिंतींची जाडी किती? धरतात ती पण. म्हणजे भिंतीखालीसुद्धा सतरंजी घालायची." काका स्वतःच खूश होऊन हसले. "तुम्ही काय विचारलंत?"

"किंमत."

"झालं मग! किंमत विचारणारा कधी घेतो का?"

गेटवर पांढरी गाडी उभी होती. ड्रायव्हरने काकांसाठी दार उघडलं, पिशवी हातातून घेतली. आम्ही पुढे झालो तर म्हणाला, "तुमची दुसरी येतीये." काकांनी काच खाली करून हात हलवला. दुसरी गाडी पंचवीस मिनिटं येत राहिली. बार्शीच्या पोराला फोन केला तर उचलेना. शेवटी रिक्षा केली. पिकअप फ्री, ड्रॉपचे ३२० रुपये. तीन मजले चढून घरी आलो, बायको सरळ बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आपला टेप शोधून पलंग मोजला. सव्वासहा फूट, काठोकाठ. बेडरूमचं दार उघडलं की त्याच पलंगाला आपटतं, पण दार आहे.

काल काकांचा फोन आला. नंबर मीच दिला होता. "या रविवारी बालेवाडी. साबुदाणा वडे असतात तिथे. येताय?"

बायको म्हणाली, "जायचं असेल तर जा, मी नाही येणार. आणि काकूंना घेऊन या म्हणावं त्यांना, त्यांचा पत्ता द्या मला नाहीतर." पत्ता मी मागून घेतलाय. टँकरवर तीन आणि लिफ्टच्या बॅकअपवर दोन प्रश्न पाठ केलेत. नवे मोजेही आणलेत.