‘दप्तरात सामान्यांचं काही नाही’ हे खरं नाही

‘पेशवे दप्तरात, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या जुन्या कागदांत, राजे-सरदारांचेच कागद आहेत. बाकीचे इंग्रजांनी जाळले. उरलेले मोडीत, ते वाचणार कोण? त्यापेक्षा मोबाइलवर आडनाव टाका, वंशावळ मिळेल.’ अशा आशयाचा मजकूर सध्या खूप फिरतोय. तो वाचून कुणी आपल्या घराण्याचा शोध सुरू होण्याआधीच सोडू नये, म्हणून हे लिहितो आहे.

यातला पहिला मुद्दा सर्वांत चुकीचा, आणि तोच लोकांना लगेच पटतो. कारण इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले, त्यांत भर राजकारणावर होता: मोहिमा, तह, दरबारी पत्रं. आपल्या वाचनात तेवढंच आलं. पुण्याच्या पुरालेखागारात रुमालांत बांधून ठेवलेला मोठा भाग मात्र हिशेबांचा आहे. गावचा वसूल किती, दंड कुणाला झाला, पाटीलकीचा तंटा कसा मिटला. वतनाचं, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काचं, भांडण गावकऱ्यांच्या गोतसभेत गेलं की महजर, म्हणजे लेखी निवाडा, होई आणि त्यावर पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारांचीही साक्ष पडे. सहीच्या जागी पाटलाची निशाणी नांगर, बलुतेदारांची आपापलं अवजार. ज्याला अक्षर येत नव्हतं, त्याचंही नाव तिथे आहे. स्त्रिया आणि भूमिहीन मात्र या कागदांत फार कमी भेटतात, ही उणीव मोठी आहे आणि ती मान्यच करायला हवी.

इंग्रजांनी जाळले म्हणावं, तर १८१८ नंतर त्यांनाच हे दप्तर हवं होतं. कुणाला इनाम मिळालेली जमीन वा हक्क खरा की बनावट, हे त्याच कागदांवरून ठरायचं. १८५२ च्या कायद्याने इनामं तपासणाऱ्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा तर याच रुमालांवर लोकांची इनामं टिकली किंवा गेली. हेतू महसुलाचा होता, पण त्यापायी कागद जपले गेले.

आणि बहुतेक घरांना पेशवाईपासून सुरुवात करायचीच नसते. आधी गाव नक्की करा. मग जुने फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी), शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा अशीच रजिस्टरं उघडली गेली. त्यातली नावं सरदारांची नव्हती. मॉरिशसला मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांच्या नोंदीही तिथल्या महात्मा गांधी संस्थेने सांभाळल्या आहेत.

मोडीची अडचण खरी आहे. पण एकोणिसाव्या शतकातली मोडी शिवकालीन मोडीपेक्षा बरीच सोपी जाते, आणि आपल्याला लागते ती बहुधा हीच. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. अक्षरओळख लवकर होते, वेगवेगळी हस्ताक्षरं वाचायला मात्र सराव लागतो.

राहिलं आडनाव. जुन्या नोंदीत ते पुष्कळदा नसतंच. स्वतःचं नाव, ‘बिन’ लावून बापाचं नाव आणि गाव, एवढ्यावर माणूस ओळखला जाई. एकाच आडनावाची, एकमेकांशी काही नातं नसलेली घराणी शेकडो गावांत आहेत. त्यांना जोडून मोबाइल जी वंशावळ दाखवतो, ती तुमची असेलच असं नाही. आजोबा-पणजोबांची नावं, गाव आणि तालुका कागदावर लिहून घ्या आणि आधी तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष गाठा.