ब्राउन्सना आकडेवाल्यांनी बुडवलं म्हणे!

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट जवळ आला की दर एप्रिलमध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सबद्दलचा एक मजकूर फिरायला लागतो. अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॲप गटांतही तो हमखास येतो. शब्द इकडचे तिकडे होतात, आशय तोच: ‘२०१६ मध्ये मालकाने संघ हार्वर्डच्या दोन हुशार माणसांच्या हाती दिला. सॅशी ब्राउन वकील, पॉल डीपोडेस्टा बेसबॉलमधला. त्यांनी आकडेमोड करून कार्सन वेंट्झ सोडला, डेशॉन वॉटसन सोडला, दोन वर्षांत ३२ पैकी ३१ सामने घालवले. ब्राउन्स त्याचीच फळं अजून भोगताहेत. संघ फुटबॉलच्या माणसांनी चालवायचा असतो, लॅपटॉपवाल्यांनी नाही.’

वाचायला खमंग आहे. यातलं ३१ पराभवांचं वाक्य शंभर टक्के खरं आहे, आणि त्या एका खऱ्या वाक्याच्या आडोशाने बाकीचं सगळं खपून जातं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

ज्यांना हा खेळ फारसा ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ड्राफ्टमध्ये आयपीएलसारखा लिलाव नसतो. कॉलेजमधून आलेले खेळाडू सात फेऱ्यांत निवडले जातात आणि आदल्या वर्षी सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिला मान मिळतो. आपला क्रमांक, म्हणजे पिक, दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात त्याचे पिक्स घेता येतात, पुढच्या वर्षांचेसुद्धा. पगाराला मात्र सगळ्या संघांना एकच मर्यादा असते. तिला कॅप म्हणतात.

‘यांनी संघ बुडवला’

बुडवायला आधी तरंगत असावं लागतं. जुना संघ बाल्टिमोरला गेल्यावर ब्राउन्स १९९९ मध्ये नव्याने उभे राहिले. तेव्हापासून २०१५ पर्यंतच्या १७ हंगामांत पराभवांपेक्षा विजय जास्त असे हंगाम दोनच: २००२ आणि २००७. प्लेऑफ एकदाच. १९९९ चा पहिला पिक होता क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, टिम काउच. पुढे क्लीव्हलंडमध्ये एका खिडकीत काउचची २ नंबरची जर्सी टांगलेली असायची आणि तिच्यावर त्याच्यानंतर आलेल्या प्रत्येक क्वार्टरबॅकचं नाव चिकटपट्टीवर लिहून एकाखाली एक लावलेलं असायचं. पट्ट्या लावता लावता जर्सीवरची जागा संपत आली. हे सगळं लॅपटॉपवाले यायच्या आधीचं.

अनुभवी नजरेने केलेल्या निवडी तरी बघा. २०१२ मध्ये ट्रेंट रिचर्डसन या रनिंग बॅकसाठी (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) ब्राउन्स चौथ्या क्रमांकावरून तिसऱ्यावर गेले. एक पायरी चढण्यासाठी मिनेसोटाला तीन पिक्स दिले. मिनेसोटाला चौथ्या क्रमांकावर हवा होता तो खेळाडू मिळालाच, वर हे तीन फुकटात. रिचर्डसनला पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंडियानापोलिसला देऊन टाकला. त्याच ड्राफ्टमध्ये २२ व्या क्रमांकावर ब्रँडन वीडन घेतला. नवखा क्वार्टरबॅक, वय २८!

आणि २०१४ चा जॉनी मॅन्झेल. ईएसपीएनच्या तेव्हाच्या बातमीनुसार ब्राउन्सनी सुमारे एक लाख डॉलर खर्चून क्वार्टरबॅक्सचा एक अभ्यास करवून घेतला होता आणि त्यात नाव आलं होतं टेडी ब्रिजवॉटरचं. घेतला मॅन्झेल. दोन वर्षांत आठ सामने सुरुवातीपासून खेळला, दोन विजय, मार्च २०१६ मध्ये नारळ. त्याच २०१४ च्या ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर घेतलेला जस्टिन गिल्बर्ट दोन वर्षांत पिट्सबर्गला सहाव्या फेरीच्या पिकवर गेला. म्हणजे आकडे हाताशी होते तेव्हा ते बाजूला ठेवून काय झालं याचा नमुना फॉरवर्ड लिहिणाऱ्याला घरातच सापडला असता.

‘वेंट्झ सोडला’

सोडला, हे खरं. दुसऱ्या क्रमांकाचा पिक ब्राउन्सनी फिलाडेल्फिया ईगल्सना दिला. डीपोडेस्टा वर म्हणाला की आम्हाला हा लीगमधल्या पहिल्या वीस क्वार्टरबॅक्समध्ये बसेल असं वाटलं नाही. २०१७ मध्ये वेंट्झ असा खेळला की या वाक्याची देशभर टर उडाली, आणि ती योग्यच होती. पण डिसेंबरात त्याचा गुडघा गेला, सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, त्याच्या जागी आलेल्या निक फोल्सने जिंकून दिला, २०२१ च्या सुरुवातीला ईगल्सनीच वेंट्झला बाहेर काढलं आणि २०२१ ते २०२५ या पाच हंगामांत तो पाच संघांत फिरला.

बदल्यात काय मिळालं याची साखळी थोडी लांब आहे, पण सगळी गोम तिच्यातच आहे. दुसरा क्रमांक गेला आणि आला आठवा, २०१६ च्या तिसऱ्या-चौथ्या फेरीचे पिक्स, २०१७ चा पहिल्या फेरीचा पिक आणि २०१८ चा दुसऱ्या फेरीचा. आठवाही टेनेसीला देऊन १५ वा आणि आणखी पिक्स घेतले. ईगल्सकडून आलेला २०१७ चा पिक निघाला १२ वा. तो ह्यूस्टनला देऊन २५ वा आणि ह्यूस्टनचा २०१८ चा पहिल्या फेरीचा पिक घेतला. ह्यूस्टनचा पुढचा हंगाम गडगडला आणि तो पिक थेट चौथ्या क्रमांकावर आला. त्यावर आला कॉर्नरबॅक (बचावपटू) डेंझेल वॉर्ड, जो पुढे अनेकदा प्रो बोलला, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, गेला.

मग या लोकांच्या निवडी चांगल्या होत्या का? बऱ्याच नव्हत्या. त्या १५ व्या क्रमांकावर घेतलेला कोरी कोलमन दोन वर्षांत बफेलोला सातव्या फेरीच्या पिकवर गेला. तिसऱ्या फेरीत घेतलेला क्वार्टरबॅक कोडी केसलर टिकला नाही. पिक्स जमवणं त्यांना जमलं, त्या पिक्सवर माणसं निवडणं तितकंसं जमलं नाही. ही टीका कुणी केली तर मी खाली सही करीन. फॉरवर्ड मात्र पहिल्या गोष्टीला शिव्या देतं आणि दुसरीबद्दल चकार शब्द काढत नाही.

‘मग वॉटसनही सोडला’

हा घाव खरा आहे. १२ वा क्रमांक ज्या ह्यूस्टनला दिला त्यांनी त्यावर वॉटसनच घेतला आणि तो तिथे झकास खेळला. २०२० मध्ये पासिंग यार्डांत, म्हणजे चेंडू फेकून मिळवलेल्या अंतरात, लीगमध्ये पहिला होता. ब्राउन्सनी दुसऱ्या फेरीत घेतला डीशोन कायझर. २०१७ मध्ये तो १५ सामने सुरुवातीपासून खेळला, सगळे हरले, आणि २२ इंटरसेप्शन (थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेलेले चेंडू) फेकून या बाबतीत लीगमध्ये अव्वल नंबर मिळवला.

पण त्याच ड्राफ्टच्या पहिल्या क्रमांकावर त्यांनी क्वार्टरबॅकचा मोह टाळून बचावपटू माइल्स गॅरेट घेतला. दुसऱ्या क्रमांकासाठी शिकागोने पिक्स मोजून मिच ट्रुबिस्की घेतला, दहाव्यावर कॅन्सस सिटीने पॅट्रिक महोम्स. महोम्स पहिला जायला हवा होता हे आज शेंबडं पोरही सांगेल. गॅरेट २०२३ चा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि २०२५ मध्ये २३ सॅक करून (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडून) त्याने एका हंगामाचा विक्रम मोडला.

‘३२ पैकी ३१ हरले, आणखी काय पुरावा पाहिजे?’

२०१६ मध्ये १ विजय, १५ पराभव. तो एक विजय नाताळच्या आदल्या दिवशी सॅन डिएगो चार्जर्सविरुद्ध, २०–१७. २०१७ मध्ये ० आणि १६. जानेवारी २०१८ मध्ये क्लीव्हलंडकरांनी हाडं गोठवणाऱ्या थंडीत स्टेडियमभोवती ‘परिपूर्ण हंगामा’ची मिरवणूक काढली, मार्ग शून्याच्या आकाराचा. अशा शहरापुढे ‘संयम ठेवा’ म्हणायला जीभ रेटत नाही.

तरीही हे पराभव कशाची किंमत होती ते बघावंच लागतं. महागडे जुने खेळाडू सोडायचे, कॅपमधली जागा वाचवायची, न वापरलेली रक्कम पुढच्या वर्षात न्यायची आणि पिक्स साठवायचे असा बेत होता. यात अतिरेक झाला. राइट टॅकल (क्वार्टरबॅकचं रक्षण करणारा) मिचेल श्वार्ट्झला मार्च २०१६ मध्ये जाऊ दिलं ही तर घोडचूक. तो कॅन्सस सिटीला जाऊन ऑल-प्रो, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंतला एक, झाला आणि इकडे ब्राउन्सचे क्वार्टरबॅक जमिनीवर लोळत राहिले.

पण याच बेतातून मार्च २०१७ चा तो सौदा निघाला, ज्यावर तेव्हा सगळे हसले. ह्यूस्टनच्या गळ्यात ब्रॉक ऑस्वायलर नावाच्या क्वार्टरबॅकचं १ कोटी ६० लाख डॉलरचं हमीचं लोढणं होतं. ब्राउन्सकडे कॅपमध्ये जागा रग्गड. त्यांनी ते लोढणं आपल्या गळ्यात घेतलं, बदल्यात २०१८ चा दुसऱ्या फेरीचा पिक मागितला आणि हंगाम सुरू होण्याआधीच ऑस्वायलरला निरोप दिला. थोडक्यात, त्यांनी रोख मोजून एक पिक विकत घेतला. लीगच्या नियमांत पिक उघडपणे विकत घेता येत नाही, ही आडवाट त्यांना दिसली. तो पिक ३५ व्या क्रमांकाचा निघाला आणि त्यावर आला निक चब, ज्याच्यासारखा रनिंग बॅक या संघाने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

प्रशिक्षकाचंही बोलू. ह्यू जॅक्सनचा क्लीव्हलंडमधला एकूण हिशेब ३ विजय, ३६ पराभव, १ बरोबरी. डिसेंबर २०१७ मध्ये सॅशी ब्राउनला काढलं, जॅक्सनला ठेवलं. २०१८ मध्येही पहिल्या आठ सामन्यांत दोनच विजय मिळाल्यावर तो गेला, आणि उरलेल्या आठांत त्याच संघाने पाच जिंकले. फॉरवर्डमध्ये जॅक्सनचं नावच नाही, कारण तो ‘फुटबॉलचा माणूस’ होता.

एक गोष्ट मात्र माझ्याही पचनी पडत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये सिनसिनाटीकडून क्वार्टरबॅक ए. जे. मॅकॅरनला घ्यायचा सौदा ठरला आणि कागदपत्रं मुदतीत लीगकडे पोचली नाहीत म्हणून बारगळला. वकिलाच्या कारकिर्दीत कागद पोचू नयेत!

‘फुटबॉलची माणसं आली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली’

सॅशी ब्राउनच्या जागी जॉन डॉर्सी आला आणि त्याने २०१८ मध्ये क्वार्टरबॅक बेकर मेफील्ड, वॉर्ड आणि चब निवडले. निवडीचं श्रेय त्याचंच. पण वॉर्ड आणि चब ज्या पिक्सवर आले ते आधीच्या मंडळींनी ठेवलेले, आणि कॅपमधली १० कोटी डॉलरहून जास्तीची शिल्लकही त्यांचीच. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणणं अन्यायाचं होईल, पण पीठ आयतं होतं खरं. मग डॉर्सीच्या काळात फ्रेडी किचन्स प्रशिक्षक झाला, २०१९ मध्ये संघ ६–१० (६ विजय, १० पराभव) झाला आणि वर्षअखेरीस डॉर्सीही गेला.

त्याच्या जागी आला अँड्र्यू बेरी, जो सॅशी ब्राउनच्या हाताखाली काम केलेला. २०२० मध्ये ११–५, आणि प्लेऑफमध्ये पिट्सबर्गवर पिट्सबर्गमध्येच ४८–३७. पुढच्या सामन्यात कॅन्सस सिटीविरुद्ध रशार्ड हिगिन्स गोलरेषेकडे झेपावला, हेल्मेटवर हेल्मेट आदळलं, चेंडू सुटला आणि एंड झोनमधून, म्हणजे गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यातून, बाहेर गेला. फाउलची शिट्टी वाजली नाही, चेंडू प्रतिस्पर्ध्यांना मिळाला, सामना पाच गुणांनी गेला. हा हिगिन्स २०१६ च्या त्या बदनाम ड्राफ्टमधला, पाचव्या फेरीतला. त्या दिवशीच्या संघात गॅरेट, एन्जोकू, ओगुंजोबी हेसुद्धा ‘लॅपटॉपवाल्यांनी’ आणलेले.

‘ब्राउन्स त्याचीच फळं अजून भोगताहेत’

इथे फॉरवर्ड साप सोडून भुई धोपटतं. ब्राउन्स जे भोगताहेत ते मार्च २०२२ चं आहे. ज्या वॉटसनला २०१७ मध्ये एका पिकवर घेता आलं असतं, त्याच्यासाठी ह्यूस्टनला पहिल्या फेरीचे तीन पिक्स आणि वर आणखी काही दिले, आणि त्याला पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर, पैन् पै हमीचे. तेव्हा त्याच्यावर २२ महिलांचे लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे होते. ग्रँड ज्युरींनी फौजदारी आरोप ठेवले नाहीत, पण लीगने ११ सामन्यांची बंदी घातली. २०२२ ते २०२४ मिळून तो १९ सामने खेळला. ह्यूस्टनने त्या पिक्सपैकी एक वापरून बचावपटू विल अँडरसनसाठी वर उडी मारली आणि जानेवारी २०२४ मध्ये प्लेऑफमध्ये याच ब्राउन्सना ४५–१४ झोडपलं.

‘पण तेव्हाही बेरी आणि डीपोडेस्टा होतेच की!’ होते. म्हणूनच हा वाद आकडे विरुद्ध फुटबॉल असा नाही. पिक्स जमवा, एका खेळाडूवर सगळं लावू नका, हमीच्या रकमेत अडकू नका, हे २०१६ चं तत्त्व होतं. वॉटसनचा सौदा त्याच्या प्रत्येक कलमाच्या नेमका उलट होता, आणि तो याच माणसांच्या सहीने झाला.

२०१२ पासून मालक मात्र एकच आहे, जिमी हॅस्लम. पहिल्या आठ वर्षांत त्याने प्रशिक्षक रॉब चुडझिन्स्कीला एका हंगामात काढलं, त्याच्यानंतरच्या प्रशिक्षक माइक पेटिनला दोन हंगामांत, सॅशी ब्राउनला दोन हंगाम पुरे व्हायच्या आत, किचन्सला पुन्हा एका हंगामात. चार वर्षांनी फळ देणारा बेत दोन वर्षांत मोडायचा आणि नव्या माणसाकडून नवा बेत मागायचा. मार्च २०२५ मध्ये त्याने वॉटसनचा डाव साफ फसल्याचं कबूल केलं, आणि जाब विचारायचा तर मला आणि माझ्या बायकोला विचारा, असंही सांगितलं. फॉरवर्डवाल्यांनी निदान मालकाचं तरी ऐकावं.