द्राक्षाला बी नाही, म्हणून खाणारा वांझ?

फेब्रुवारीत पिंपळगाव बसवंतच्या रस्त्याला द्राक्षांचे क्रेट लागले की नाशिकच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज हमखास येतो. यंदा दोनदा आला. मजकूर साधारण असा: ‘बिनबियांची द्राक्षं जीन्स बदलून प्रयोगशाळेत बनवलेली असतात. ज्या फळाला स्वतःचं बीज नाही, ते खाऊन तुमच्या पोटी बीज कसं धरेल? नव्या जोडप्यांनी आणि गरोदर बायकांनी लांब राहा. आजोबांच्या काळातली बियांची देशी द्राक्षंच खरी.’ खाली हात जोडलेले सहा इमोजी.

माझं माहेर निफाडकडचं, घरी बाग. शिवाय बारावीला जीवशास्त्र शिकवते. गप्प बसवेना.

‘प्रयोगशाळेत बनवलेली’ हे आधी घेऊ. जनुकं बदललेलं एकच पीक आपल्याकडचा शेतकरी परवानगीने पिकवतो, ते म्हणजे बीटी कापूस, २००२ पासून. बीटी वांगंसुद्धा २०१० मध्ये अडलं ते अडलंच. द्राक्षाचा बिनबियांचा गुण शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीचा आहे. कधीतरी, कुठल्यातरी वेलीवर, एका जनुकात आपोआप एवढासा बदल झाला आणि बीचं कवच टणक होईना. माणसाला ते फळ आवडलं, त्याने त्या वेलीची काडी तोडून लावली. इतकंच. थॉमसन हा आपल्या बागांतला बिनबियांचा वाण; हे नाव त्याला एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात चिकटलं. वाण त्याहून जुना, इराण-तुर्कस्तानकडचा. असे आपोआप होणारे बदल आपल्या बागांतही सापडले आहेत. तासगाव भागातल्या वसंतराव आर्वे यांना थॉमसनच्या बागेत वेगळी दिसलेली वेल म्हणजेच आजची तास-ए-गणेश. बागेत रोज फिरणाऱ्याची नजर, दुसरं काही नाही.

आता ‘वांझ’. मला खरा राग या शब्दाचा आहे, पण तो बाजूला ठेवते. थॉमसनच्या फुलात परागीभवन होतं, फलनही होतं, बी धरायला सुरुवात होते. मग ते मध्येच वाढायचं थांबतं. मणी नखाने उभा चिरून पाहा, आत मऊसर पांढुरका ठिपका दिसेल. तेच ते अर्धवट राहिलेलं बी. परागकण मात्र ठणठणीत असतात. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ब्लॅक चंपा या बियांच्या वाणावर थॉमसनचे पराग वापरून ‘अर्कावती’ काढली, तीही बिनबियांची. ‘बीज नसलेला’ म्हणून हिणवलेला हा वाण बाप झालेला आहे, तोही एकदा नाही! बी न धरण्याचा गुण प्रभावी असल्यामुळे बदललेल्या जनुकाची एक प्रत पुरते, म्हणून काही लेकरांत तो उतरतो आणि काहींत नाही.

आणि मुळात द्राक्षबाग बी पेरून करतंच कोण? आमच्याकडे आधी डॉगरिज या द्राक्षाचे मुळांपुरते खुंट लावायचे, मग त्यावर हव्या वाणाची काडी भरायची. बियांच्या द्राक्षाचंही बी पेरलं तर आईसारखी वेल येत नाही. हापूसची कोय पुरून हापूस मिळत नाही, तसंच. म्हणून बिया असोत-नसोत, वंश चालतो तो कलमाने.

‘खाऊन पोटी बीज कसं धरेल’ याला उत्तर काय द्यायचं? मेथीच्या जुडीत मेथीची जनुकं असतात, बाजरीच्या भाकरीत बाजरीची. सगळी पोटात पचतात. मौज अशी की डोहाळजेवणाच्या शिऱ्यात आपण मुद्दाम जे बेदाणे घालतो, ते याच बिनबियांच्या द्राक्षांचे. बेदाणा हा शब्दच फारसी, ‘बे-दाना’, म्हणजे बी नसलेला. सत्यनारायणाच्या प्रसादातलं केळंही बिनबियांचंच.

ग्रुपवर एका काकांनी खाली जोडलं: ‘मणी औषधात बुडवून लांब करतात, मग जीन बदलणारच की.’ बुडवतात, खरं आहे. जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संप्रेरकाचं डिपिंग आमच्याकडेही होतं, त्याने मणी फुगतात आणि लांबट होतात. पण त्याच वेलीला पुढच्या वर्षी डिपिंग चुकवा, मणी पुन्हा बारीक येतील. जनुक बदललं असतं तर वेलीने ते लक्षात ठेवलं असतं. व्यायामाने दंड कमावलेल्या माणसाचं बाळ काही दंड फुगवून जन्माला येत नाही.

औषधांवरून एक गोष्ट मात्र मान्य. २०१० मध्ये युरोपात आपली द्राक्षं अडली ती क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे; बागायतदार त्याला लिहोसिन म्हणतात. बऱ्याच घरांना तो हंगाम महागात पडला. फवारणीच्या अंशांबद्दल जरूर विचारा, उत्तर द्यायला बागायतदार बांधील आहे. मेसेजात नेमकी हीच ओळ नाही.

राहिली ‘आजोबांची देशी’. द्राक्षवेल मुळात पश्चिम आशियाकडून आलेली, आजोबांचीही. त्यांच्या काळात इकडे भोकरी होती, बियांची. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, तर मेसेज टाकणाऱ्या काकूंनी विचारलं, ‘मग ती भोकरी माहेराहून आणशील का पाव किलो?’ माहेरी तिची एकही वेल उरलेली नाही. बिया थुंकाव्या लागतात म्हणून गिऱ्हाईकच घेईना, शेवटी वडिलांनी ती काढून थॉमसन लावली.