आधी मास्तरांची शाळा

टांझानियातल्या मिशनच्या शाळेत नवा परदेशी शिक्षक आला की त्याला लगेच वर्गावर सोडत नाहीत. आधी त्याचीच शाळा भरते. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, मुसोमाजवळ माकोकोला मिशनचं जुनं भाषाविद्यालय आहे, आणखीही काही आहेत. तिथे तीनचार महिने स्वाहिली घोटायची, मग खडूला हात लावायचा. महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची करणारा शासन निर्णय एप्रिल २०२५ मध्ये निघाला, जूनमध्ये त्याचे शब्द बदलले, २९ जूनला तो मागे घेतला गेला. त्या अडीच महिन्यांतली भांडणं इथे टांझानियात बसून वाचताना एक गोष्ट राहून राहून खटकत होती. मुलाने कोणती भाषा कितवीत शिकावी यावर गल्लीपासून मुंबईपर्यंत सगळे बोलले. मास्तरने मुलाची भाषा शिकावी, हे मात्र फार क्वचित ऐकू आलं.

आणि मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू आदिवासी पोरासाठी तर हिशोबच चुकला होता. त्याच्या घरी कोरकू. शाळेत मराठी. इंग्रजी २००० सालापासून पहिलीतच आहे. म्हणजे हिंदी त्याची चौथी. (धारणीच्या बाजारात व्यवहार निम्मा हिंदीतच चालतो, ते वेगळं. मध्य प्रदेश लागूनच आहे. पण बाजारातली हिंदी आणि पुस्तकातली हिंदी यांत अंतर आहेच.)

भाषाविद्यालयात काय होतं ते जरा तपशिलात सांगतो, कारण खरी गोम तिथेच आहे. वर्ग लहान, सकाळचे चारपाच तास, दुपारी बाजारात किंवा कुणाच्या अंगणात जाऊन बोलायचं. पहिल्या आठवड्यात फक्त नमस्कार. लहानाने मोठ्याला ‘शिकामू’ म्हणायचं, मोठ्याने ‘मराहाबा’ म्हणून उत्तर द्यायचं. वयाने मोठ्या माणसाला ‘शिकामू’ न म्हणता थेट कामाचं बोलणारा शिक्षक गावाच्या मनातून पहिल्याच दिवशी उतरतो. मग क्रियापद. ‘निनासोमा’ म्हणजे मी वाचतोय, ‘निलिसोमा’ म्हणजे वाचलं, ‘नितासोमा’ म्हणजे वाचीन. मधला तुकडा बदलला की काळ बदलला. ‘कुसोमा’चा अर्थ वाचणं आणि शिकणं, दोन्ही.

मराठी माणूस घसरतो तो नामांच्या वर्गांपाशी. स्वाहिलीत स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही. नामांचे वर्ग आहेत आणि विशेषणालाही त्या वर्गाची टोपी घालावी लागते. ‘किताबू किझुरी’ म्हणजे चांगलं पुस्तक, ‘विताबू विझुरी’ म्हणजे चांगली पुस्तकं. किताब हा शब्द आपल्याला अरबीतून आलेला, ओळखीचा. अनेकवचनात त्याचा ‘कि’ गळून ‘वि’ होतो, हे पचायला महिना जातो. त्याच्या बदल्यात काही शब्द फुकट मिळतात. ‘दुका’ म्हणजे दुकान, ‘गारी’ म्हणजे गाडी, ‘बिमा’ म्हणजे विमा, ‘चपाती’ ती चपातीच. लाखाला ‘लाकी’. बाजारात ‘लाकी मोजा’ ऐकलं की क्षणभर यवतमाळच्या मंडीत उभं असल्यासारखं वाटतं. दुसरी मोठी चूक म्हणजे हुकमी भाषा. ‘लेते माजी’, म्हणजे आण पाणी, हे शिकायला सोपं, म्हणून नवखा तेच शिकतो. माणसं मात्र ‘नाओंबा माजी’ म्हणतात, पाणी मागतो. आपल्याकडे तालुक्याहून आलेला साहेब पाड्यावर ‘आन रे पाणी’ एवढंच शिकून परत जातो, तोच प्रकार.

घड्याळाचाही धडा असतो आणि तो हसण्यावारी नेणाऱ्याची परीक्षा बुडते. विषुववृत्त जवळ, सूर्य वर्षभर जवळजवळ एकाच वेळी उगवतो, म्हणून स्वाहिली दिवस सकाळी सहाला सुरू होतो. सात वाजता ‘सा मोजा’, पहिला तास. ‘सा तातू’ म्हणजे शब्दशः तीन, पण घड्याळात नऊ. पालकसभेची वेळ इंग्रजीत दोन सांगितली आणि तोंडी निरोप देताना ‘सा म्बिली’ म्हणालात, तर पालक सकाळी आठला येऊन बसतील. दुपारी दोनला ‘सा नाने’, म्हणजे आठ, म्हणायचं. सहा तासांचा फरक, एवढं लक्षात ठेवायचं.

आता या देशाची दुखरी जागा. टांझानियाने १९६७ पासून प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत केलं. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे स्वतः मिशनच्या शाळेत शिक्षक होते, लोक त्यांना आजही ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, म्हणतात. सात वर्षं मूल स्वाहिलीत शिकतं आणि सातवीची परीक्षा सप्टेंबरात देतं. बहुतेक प्रश्न बहुपर्यायी, खूण करायची. जानेवारीत माध्यमिकचा पहिला वर्ग सुरू होतो आणि स्वाहिलीचा विषय सोडला तर जवळजवळ सगळं इंग्रजीत. चार महिन्यांपूर्वी स्वाहिलीत खूण करणाऱ्या मुलाने आता इंग्रजीत पूर्ण वाक्यं लिहायची. सुरुवातीला काही आठवडे इंग्रजीचा उजळणीवर्ग असतो. तो पुरत नाही.

पुढे काय होतं ते भौतिकशास्त्राच्या तासाला दिसतं. इंग्रजीत ‘फोर्स’ शिकवला की मूल मनात ‘न्गुवू’ म्हणतं. न्गुवू म्हणजे ताकद, जोर, सगळंच. पारिभाषिक शब्द ‘कानी’ आहे, पण तो त्याने क्वचितच ऐकलेला असतो. मग उत्तरपत्रिकेत बल, ऊर्जा आणि ताकद एकाच मडक्यात. जाणता शिक्षक फळ्याचे तीन उभे भाग करतो: डावीकडे इंग्रजी संज्ञा, मध्ये स्वाहिली, उजवीकडे चित्र किंवा वस्तू. एका तासाला पाचसहा संज्ञा, जास्त नाही. चर्चा स्वाहिलीत, शेवटचं उत्तर इंग्रजीत, आणि ते उत्तर मुलांनी मोठ्याने म्हणून मगच वहीत. फळा नुसता उतरवून घेतलेली वही सुंदर दिसते, पण मूल ती स्वतः वाचू शकत नाही. उच्चाराचंही पाहावं लागतं. सुकुमा ही इथली एक स्थानिक भाषा. ती बोलणाऱ्या घरातली मुलं ‘र’च्या जागी ‘ल’ बोलतात, म्हणून ‘रोड’ आणि ‘लोड’ लेखनात एक होतात. ही अक्कल कमी असल्याची खूण नाही, त्यांच्या भाषेत तो भेदच नाही. पण हे ठाऊक असायला शिक्षकाला सुकुमाचा वास तरी लागलेला हवा.

इथे विदर्भाची तुलना उलटी पडते. सुकुमा आणि स्वाहिली दोन्ही बांटू कुळातल्या, घडण सारखी. पहिल्या शाळेची पायरी इथे त्या मानाने ठेंगणी. आपल्याकडे मात्र कोरकू मुंडा कुळातली, गोंडी, माडिया आणि कोलामी द्राविडी, मराठी तिसऱ्याच कुळातली. पाण्याला गोंडीत ‘येर’ म्हणतात. मराठी पुस्तकातल्या पहिल्या पानावरच्या पाण्याशी त्या मुलाची गाठ कशी पडावी? टांझानियाचा कडा आठवीत आहे, मेळघाट-भामरागडचा पहिलीत. सहा वर्षांचं मूल त्यावरून पडलं की ओरडतही नाही, गप्प बसतं. शिक्षक वहीत ‘अप्रगत’ लिहितो.

कागदावर सगळं आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ म्हणतं, शक्य तितकं मातृभाषेतून शिकवा. घटनेचं ३५० अ तेच सांगतं. २०२० चं राष्ट्रीय धोरण निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं. संथाळी आठव्या अनुसूचीत गेली. गोंडी, कोरकू बाहेरच आहेत. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने गोंडीतून शाळा चालवली, तर मान्यतेचा प्रश्न पुढे आला.

मिशनरी या शब्दाबद्दलही गावाकडे जे बोललं जातं ते इथे पोचतं: शाळा हे निमित्त, धर्मांतर हा हेतू. हा संशय हवेतला नाही, मिशनांचा इतिहास तसा आहेच. टांझानियाने १९६९ च्या कायद्याने मिशनच्या बहुतेक शाळा सरकारजमा केल्या, त्यामागेही शाळाप्रवेश धर्मावर अवलंबून राहू नये हा विचार होता. आज परदेशी मिशनरी वर्ग ‘सी’च्या निवास परवान्यावर राहतो, मुदत संपली की कागदपत्रं घेऊन पुन्हा रांगेत. भारतीय असेल तर आणखी एक गंमत: ‘म्हिंदी’ म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे दुकानदार येतो, त्यामुळे पहिले महिनाभर त्याला खडूऐवजी साखरेचा भाव विचारतात. पण संशय घेताना एक गोष्ट मोजायला हवी. नागपूरला १८४५ मध्ये आलेला मिशनरी स्टीफन हिस्लॉप मराठी शिकला आणि त्याने गोंडांच्या लिंगो या आदिपुरुषाच्या गाथा टिपून ठेवल्या. नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना १८६३ मध्ये तो नदीत बुडाला. त्याची टिपणं १८६६ मध्ये छापली गेली. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, लपवलेला नव्हता. तरी शब्द त्याने ऐकून घेतले. आपला हेतू स्वच्छ असेल तर आपण का ऐकू नयेत?

मिशनला डोक्यावर घेण्याचं कारण नाही. देणगी आटली की त्यांचे शिक्षक निघून जातात. इंग्रजीचं वेड तेही विकतात. आपल्याकडे एकही नन नसलेल्या शाळेला सर्रास ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात, इथे ‘इंग्लिश मीडियम’ पाटीखाली तोच धंदा. आणि मिशनचा माणूस स्वतः निवडून येतो. जिल्हा परिषदेचा गुरुजी बदलीच्या यादीतून येतो, अवघड क्षेत्रातली तीन वर्षं मोजत. भाषा जमेपर्यंत त्याची फाईल पुढे गेलेली असते. मग तो कशाला शिकेल?

म्हणून शिकण्याला पैसा जोडा. एकस्तर वेतनश्रेणी, म्हणजे आदिवासी-नक्षल भागातल्या नोकरीसाठी एक पायरी वरचा पगार, आज नेमणुकीच्या जागेवर मिळते. तिचा एक भाग वर्षाअखेरीच्या तोंडी परीक्षेला बांधावा, आणि परीक्षक गावचे असावेत. अंगणवाडी सेविका, बारावी झालेली कोरकू मुलगी, एखादी आजी. प्रश्न साधे: मुलाला उठव, बसव, रडत असेल तर विचार, वीसपर्यंत मोज, कापूस वेचायला गेलेलं पोर परत कधी येणार ते घरी जाऊन विचार. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की हजेरी गळते. ते घर शोधून दारात उभं राहिल्यावर मराठीत काही चालत नाही. शिकवणाऱ्या गावकऱ्याला तासाचे पैसे द्यायचे. फुकटात बोलावलं तर दोन दिवस येतील, तिसऱ्या दिवशी निंदायला जातील, आणि बरोबरच करतील.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न विदर्भात तरी पडू नये. उन्हामुळे आपल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा आठपंधरा दिवस उशिरा उघडतात. नव्या शिक्षकाने १५ जूनलाच धारणीत हजर व्हावं, सकाळी अंगणवाडीत बसावं, संध्याकाळी ओट्यावर. पहिल्या आठवड्यात नमस्कार, नाती आणि आकडे. दुसऱ्यात अंगाचे भाग, दुखणं, भूक, लघवीला जायचं आहे. हे शेवटचं आधी शिकलं तरी चालेल, पहिलीच्या वर्गात तेच सगळ्यात जास्त लागतं.