खरी पंचाईत चहाची
अमेरिकेतल्या युटा राज्यातला एक मॉर्मन (हा एक ख्रिस्ती पंथ) पोरगा धर्मप्रचारासाठी जपानमध्ये आहे, त्याची नव्या गावी बदली झाली आणि तिथे कोणी दारात उभं करत नाही, हे एका लेखात वाचून आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा आठवला. आम्ही युटातच सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो. तोही १८ पूर्ण होताच दोन वर्षांसाठी प्रचाराला जपानलाच गेला. देश चर्च ठरवतं, प्रचारातला जोडीदारही तेच देतं, त्याला सोडून एकट्याने कुठे जायचं नाही. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी. कुणाशी जरा सूत जुळतंय तोवर बोचकं बांधायचं!

खरी पंचाईत चहाची. मॉर्मन लोकांना चहा-कॉफी वर्ज्य, ग्रीन टीसुद्धा, आणि जपानी घरात पाहुण्यापुढे आधी तोच येतो. मग भाजलेल्या जवाचा मुगिचा मागायचा, त्यात चहाची पत्ती नसते.

दारोदार धर्मप्रचार मला अजिबात पटत नाही. पण २०१९ पर्यंत या पोरांना घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला, हे जरा अतीच होतं. आता दर आठवड्याला करता येतो. त्याच्या सुट्टीचा सोमवार म्हणजे इकडे रविवार संध्याकाळ, तेव्हा शेजारीणबाई दुसऱ्या कुणाचा फोन उचलत नाहीत.