पिक्सेल मोजायचेच तर सगळे मोजू

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं, मग शाळेच्या ग्रुपवर तेच, मग सासरकडच्या ग्रुपवर तेच, म्हणजे एव्हाना तुमच्याकडेही आलं असेलच. नसेल आलं तर थोडक्यात सांगतो. वर मथळा 'थिएटर का संपलं' आणि खाली पाच मुद्दे. घरचा टीव्ही फोर के आणि थिएटरात चालतं टू के, म्हणजे घरचं चित्र चौपट चांगलं. मुंबईतली सिंगल स्क्रीन, म्हणजे एकाच पडद्याची जुनी थिएटरं, ओटीटीने मारली. खरा सिनेमा रिळावरचा, तोही सत्तर एमएम रुंद फिल्मचा, आता तर थिएटरवालेच पेनड्राइव्ह लावतात. एका तिकिटाच्या पैशात महिनाभर घरी फोर के. आणि साउंडबार घेतला की घरच थिएटर. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी.

माझा मामा लालबाग-परळकडच्या एका थिएटरात बरीच वर्षं प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर होता, लहानपणी सुट्टीत मी त्याच्या केबिनमध्ये पडीक असायचो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना. ज्या काकांनी सोसायटीत पाठवलं ते माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, काका राग मानू नका, एकेक मुद्दा घेतो.

आधी ते चौपट. आकडा खोटा नाहीये. टू के म्हणजे २०४८ बाय १०८०, साधारण बावीस लाख पिक्सेल म्हणजे चित्राचे ठिपके, आणि घरचा फोर के ३८४० बाय २१६०, म्हणजे त्र्याऐंशी लाख. भागाकार केला तर चौपटीच्या जवळ येतं. पण डोळा भागाकार करत नाही ना. साध्या निरोगी नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा बारीक गोष्ट सुटी दिसत नाही, डोळ्याच्या डॉक्टरकडे जी सहा बाय सहाची ओळ वाचायला लावतात ती याच हिशोबाने छापलेली असते. हाच हिशोब ५५ इंची टीव्हीला लावा. फोर केचा पिक्सेल वेगळा दिसायला तुम्हाला साडेतीन फुटांवर बसायला लागेल, आणि सात फुटांच्या मागे सरकलात की फुल एचडी काय न् फोर के काय, डोळ्याला सारखंच. काकांच्या हॉलमध्ये मी कितीदा चहा प्यायलोय, टीव्ही एका भिंतीला, सोफा समोरच्या भिंतीला, मध्ये दहा फूट सहज. साडेतीन फुटांवर बसायचं म्हणजे टीपॉयवरच बसावं लागेल आणि मागून काकू ओरडतील ते वेगळं.

आता थिएटर. चाळीस फुटी पडद्यावर टू केचा एक पिक्सेल जवळपास सहा मिलिमीटरचा होतो, ऐकायला भयंकर वाटतं, पण सत्तरेक फुटांवरून तो दिसेनासा होतो. म्हणजे बाल्कनीत मागे बसलात तर टू के पुरतं आणि पुढे स्टॉलला बसलात तर पुरत नाही, चित्र जरा मऊ वाटतं. थोडक्यात फोर केची खरी गरज घराला नाही, थिएटरला आहे, फॉरवर्डवाल्याने गणित बरोबर केलं आणि उत्तर भलत्याच घरी नेऊन दिलं. शिवाय तो चाळीस फुटी पडदा पन्नास फुटांवरून तुमच्या नजरेचा जेवढा भाग व्यापतो त्याच्या निम्माच तो टीव्ही दहा फुटांवरून व्यापतो. हे पिक्सेलमध्ये मोजता येत नाही म्हणून फॉरवर्डमध्ये येत नाही.

आणि पिक्सेल मोजायचेच तर त्यात डेटा किती भरलाय तेही मोजा. थिएटरच्या डिजिटल कॉपीला सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत जागा असते, घरी ओटीटीवर फोर के येतं ते पंधरा-वीस मेगाबिटमध्ये. आता इथे मी पण लबाडी करणार नाही, दोन्हीकडची दाबून भरायची पद्धत वेगळी आहे, ओटीटीची जास्त हुशार आहे, त्यामुळे फरक सरळ दहा-पंधरा पटीचा होत नाही. पण पाऊस, धूर, गुलाल उधळलेली गर्दी असा सीन आला की घरच्या चित्रात चौकोन चौकोन दिसायला लागतात ते ह्याच्यामुळे. आणि बरेच सिनेमे तयारच टू केमध्ये होतात, मग ताणून फोर के करतात, वर शिक्का मात्र फोर केचा.

एका गोष्टीत टीव्ही जिंकतो, ते कबूल. काळा रंग. चांगल्या ओलेड टीव्हीवरची रात्र खरोखर काळी दिसते, कारण त्याचा एकेक पिक्सेल पूर्ण विझू शकतो, थिएटरात ती राखाडीच असते कारण प्रोजेक्टरचा थोडा उजेड पांढऱ्या पडद्यावर पडतच राहतो. उजेडातही टीव्ही पुढे, थिएटरच्या पडद्यावर साधारण ४८ निट्स (उजेडाचं माप) धरतात, टीव्ही त्याच्या दसपट सहज जातो. पण हा उजेड आपण वापरतो कसा? दुकानात लावलेला तो भडक मोड तसाच घरी चालू, आणि वर मोशन स्मूदिंग. दिवाळीत मामा आमच्याकडे आला होता, नवीन टीव्हीवर जुना पिक्चर लावला, दोन मिनिटं बघून म्हणाला, "अरे हे सिरियलसारखं का पळतंय, मशीन बिघडलंय तुझं." बिघडलं काही नव्हतं, टीव्ही सेकंदाच्या चोवीस फ्रेममध्ये स्वतःच्या मनाच्या फ्रेम घुसडत होता. सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं. चष्मा न लावता म्हाताऱ्याने जे पकडलं ते मला सहा महिने कळलं नव्हतं.

दुसरा मुद्दा, ओटीटीने मारलं. इथे मला खरा राग येतो कारण ह्यात मुंबईचा अख्खा इतिहास पुसला जातो. 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, १४ मार्च १९३१ ला गिरगावात मॅजेस्टिकला लागला. ते मॅजेस्टिक पाडलं १९७२ मध्ये, तिथे आज शॉपिंग सेंटर आहे. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, म्हणजे ओटीटी सोडा, टीव्हीच जेमतेम जन्मला होता. 'राजा हरिश्चंद्र' जिथे ३ मे १९१३ ला लागला ते गिरगावातलं कोरोनेशन तर त्याच्याही आधी गेलं. फोर्टातलं न्यू एम्पायर २०१४ ला बंद झालं, नेटफ्लिक्स भारतात आलं जानेवारी २०१६ ला. तारखा लावून बघा, मारेकरी खुनानंतर गावात आलाय.

मग मारलं कोणी? एकाने नाही. १९८२ साल घ्या. जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि गिरणगावातली थिएटरं ज्या पाळी सुटलेल्या माणसाच्या खिशावर चालायची तो खिसाच रिकामा झाला. त्याच वर्षी एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हिडिओ. आमच्या चाळीत वर्गणी काढून रात्रभरासाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्याने आणायचे, व्हिडिओवाला स्वतः खांद्यावरून आणून जोडून द्यायचा, पहाटे तिसरा पिक्चर लागेपर्यंत अर्धी चाळ कॉमन पॅसेजमध्ये आडवी झालेली असायची. त्या व्हीएचएसचं चित्र म्हणजे जेमतेम अडीचशे रेषा, चेहऱ्याच्या कडेने रंग ओघळलेला, तरी लोक थिएटर सोडून बघत होते. म्हणजे क्वालिटीमुळे थिएटर गेलं हेही खोटं, क्वालिटी एवढी वाईट असूनही प्रेक्षक घरी बसला होता. मग नव्वदीत केबलवाला आला. शुक्रवारी लागलेला पिक्चर शनिवारी रात्री केबलवर, पडद्यावरून चोरून शूट केलेला, मध्येच कोणाचं तरी डोकं उठून जाताना दिसायचं.

आणि कर. महाराष्ट्रात तिकिटावर ४५ टक्के करमणूक कर होता, मराठी पिक्चरला माफ होता, बाकीच्यांना नाही. पुढे मल्टिप्लेक्सना सुरुवातीची वर्षं त्यात मोठी सूट मिळाली, जुन्या थिएटरला नाही. हजार खुर्च्यांचा एकच हॉल, सोमवारी दुपारी चाळीस माणसं, पंखे-एसी तेवढेच, आणि खाली जागेचा भाव दादर-परळचा. मालकाने काय करायचं? दादरचं चित्रा २०१९ ला बंद झालं तेव्हा हळहळ व्यक्त करणाऱ्यांत मीही होतो, आणि शेवटचं तिकीट तिथे मी कधी काढलं होतं ते मला आठवेना. ओटीटीने धक्का दिला हे खरंय, लॉकडाउनने तर फारच, पण भिंत आधीच पोखरलेली होती.

तिसरा मुद्दा रिळाचा. हा लिहिणारा नक्की केबिनमध्ये कधी गेलेला नाही. आत उकाडा, दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी, आमच्या लहानपणी बत्ती कार्बनची. तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कांड्या समोरासमोर, त्यांच्या टोकांमध्ये तो निळसर पांढरा जाळ, कांडी जळत जाते तसं अंतर राखायला मामा काळ्या काचेतून बघत नॉब फिरवायचा. नजर हटली की पडदा पिवळा आणि खालून शिट्ट्या. मोठं रीळ वीसेक मिनिटं चालायचं. ते संपत आलं की चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका यायचा, दुसऱ्या मशीनची मोटर चालू, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, चेंजओव्हर, म्हणजे चित्र दुसऱ्या मशीनवर. बरोबर जमलं तर खाली कोणालाच कळत नाही, आणि मामाच्या मते तीच त्याची शाबासकी. आजही टीव्हीवर जुना पिक्चर लागला आणि कोपऱ्यात ठिपका आला की त्याचा हात आपोआप उचलला जातो, आम्ही हसतो, तो पण हसतो.

तर हे सगळं मला फॉरवर्डवाल्यापेक्षा जास्त प्रिय आहे, तरी सांगतो, रीळ म्हणजे खरं आणि डिजिटल म्हणजे खोटं हे चूक. अडीच तासाच्या पिक्चरची प्रिंट म्हणजे चार किलोमीटर फिल्म, रोज चार वेळा दातेरी चाकांवरून ओढलेली. पहिल्या आठवड्यात ती सुंदरच दिसायची. पंचविसाव्या आठवड्यात हिरव्या उभ्या रेघा, रीळ बदलताना पावसासारखे ओरखडे, तुटली तिथे कापून जॉइंट मारलेला, त्यात गाण्याची एखादी ओळ गेलेली. मराठी पिक्चरची तर गोष्टच वेगळी. एका प्रिंटला साठ-सत्तर हजारांच्या घरात खर्च, निर्माता मोजक्याच काढणार, मग मुंबई-पुण्यात झिजलेली प्रिंट तालुक्याला आणि तिथून जत्रेतल्या तंबूत. तंबूतल्या माणसाने जे पाहिलं तो 'खरा सिनेमा' म्हणायचा का?

सत्तर एमएमचं पण ऐका. मुंबईत मिनर्व्हा थिएटरला १९७५ मध्ये 'शोले' सत्तर एमएममध्ये लागला आणि पाच वर्षांवर चालला, पण तो शूट झाला होता ३५ एमएमवर, नंतर ब्लो-अप करून, म्हणजे मोठ्या फिल्मवर ताणून छापून, सत्तर केला. आपल्याकडचे बहुतेक सत्तर एमएम असेच. ब्लो-अपने बारकावा वाढत नाही, पण फ्रेम मोठी म्हणून जास्त उजेड जातो आणि सहा ट्रॅकचा मॅग्नेटिक आवाज मिळतो, लोकांच्या छातीत जो धडधडला तो हा आवाज. म्हणजे काका, तुमचं ते लाडकं सत्तर एमएम म्हणजे त्या काळचं ताणून केलेलं फोर केच.

नुसता पेनड्राइव्ह लावून पिक्चर चालत नाही. बहुतेकदा हार्ड डिस्क येते, शंभर-दोनशे जीबीचा पिक्चर कुलूप लावलेला, आणि त्याची चावी वेगळी येते, त्याच सर्व्हरपुरती, तेवढ्याच तारखांपुरती. शुक्रवारी सकाळपर्यंत चावी आली नाही तर मॅनेजर फोनवर घामाघूम. हां, २००५ च्या सुमारास आपल्याकडे छतावर डिश लावून सॅटेलाइटने पिक्चर पाठवायची स्वस्त पद्धत आली, तिचं चित्र टू केपेक्षाही कमी होतं आणि कितीतरी सिंगल स्क्रीन त्याच्यावर चालली. फॉरवर्डवाल्याला हे माहीत असतं तर त्याचा एक मुद्दा तरी पक्का झाला असता. पण त्याच डिशमुळे मराठी पिक्चर पहिल्याच शुक्रवारी तालुक्याला लागायला लागला, ओरखडा नसलेला.

चौथा, तिकीट आणि महिनाभर फोर के. मल्टिप्लेक्सच्या भावाबद्दल मी भांडणार नाही, पॉपकॉर्नबद्दल तर अजिबात नाही, चौघांचं कुटुंब नेलं की बाराशे-पंधराशे जातात. पण नेटफ्लिक्सने २०२१ च्या डिसेंबरात भाव उतरवले तेव्हा १४९ रुपयांचा प्लॅन फक्त मोबाईलवर, ४८० रेषांच्या चित्राचा होता, फोर के ६४९ रुपयांनाच. आणि काकांचा मुलगा पासवर्ड कोणाचा वापरतो ते मला माहितीय, ते इथे नको.

पाचवा, साउंडबार. भिंतीला चिकटून भिंत असलेल्या आपल्या घरांत तो दणदणीत वाजवून बघा, शेजारच्या काकू पहिल्या फाईट सीनला दार वाजवतील. मुद्दा संपला.

आता थिएटरवाल्यांना पण सोडत नाही. मागे उपनगरातल्या एका मल्टिप्लेक्सला गेलो, रात्रीचा सीन असल्यासारखा अख्खा पिक्चर अंधारात. सकाळी थ्रीडीचा शो झाला होता आणि थ्रीडीची फिल्टर काच लेन्ससमोर तशीच ठेवलेली, अर्ध्याहून जास्त उजेड तिथेच अडकत होता. वर केबिनमध्ये माणूसच नाही, एका ऑफिसातून सगळे पडदे चालवतात. उठलो, बाहेर गेलो, तिकीट फाडणाऱ्या मुलाला सांगितलं, त्याने सुपरवायझरला, त्याने अजून कोणाला. वीस मिनिटांनी पडदा एकदम उजळला, हॉलमध्ये कोणीतरी टाळी वाजवली. मामाला हे सांगितलं तर त्याने एवढंच विचारलं, "वीस मिनिटं? आणि शिट्टी कोणीच नाही मारली?"