‘सात दिवसांत पीएचपी’ वाल्यांना एक साधा फॉर्म दाखवायचाय

पीएचपी ही वेबसाइट बनवायची प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्या नवशिक्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘पीएचपी सात दिवसांत! एचटीएमएलमध्ये वेळ घालवू नका. व्हिडिओ दुप्पट वेगाने बघा. सिंटॅक्स पाठ करा. एरर आली की एआयला चिकटवा. आठव्या दिवशी वेबसाइट तयार.’ घाई मला समजते. पण यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला पाळला की उशीरच होतो.

सात दिवसांत इफ, लूप, अ‍ॅरे, फंक्शन एवढं होतं, हे मान्य. आधी दुसरी एखादी भाषा येत असेल तर तीन दिवसांतही होईल. प्रश्न त्यानंतरचा आहे.

‘एचटीएमएलमध्ये वेळ घालवू नका’ हा यातला सगळ्यात महागडा सल्ला. एचटीएमएल म्हणजे पानावर काय दाखवायचं ते ब्राउझरला सांगणारी खुणांची भाषा. पीएचपी चालते सर्व्हरवर. ती एचटीएमएल तयार करून ब्राउझरकडे पाठवते आणि तिथे तिचं काम संपतं. ब्राउझरला पीएचपीचं एक अक्षर कळत नाही. म्हणूनच फाइलवर डबल-क्लिक केलं की पान दिसायच्या ऐवजी कोड तरी दिसतो, नाहीतर फाइल डाउनलोड होते. पान पुन्हा मागवलं की पीएचपी पहिल्यापासून सुरू होते, मागच्या वेळचं तिला काही आठवत नाही. नवशिका व्हेरिएबलमध्ये एक मिळवतो, पान रिफ्रेश करतो, आकडा एकावरच. त्याला वाटतं बेरीज चुकली. बेरीज बरोबर असते. व्हेरिएबलच प्रत्येक वेळी नव्याने जन्माला येतं. आकडा टिकवायचा तर तो सेशनमध्ये (एका भेटीपुरती सर्व्हरवर राहणारी नोंद), फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये ठेवावा लागतो.

माझी स्वतःची एक अख्खी संध्याकाळ अशीच गेली. फॉर्ममधलं नाव सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हतं. पीएचपीचा कोड मी ओळ न् ओळ तपासला. शेवटी सापडलं ते एचटीएमएलमध्ये: इनपुटला ‘आयडी’ दिला होता, ‘नेम’ दिलंच नव्हतं. ‘नेम’ नसेल तर ब्राउझर ती माहिती पाठवतच नाही.

आता हीच चूक एआयला चिकटवून बघा. पीएचपी ८ मध्ये ‘अनडिफाइन्ड अ‍ॅरे की’ (मागितलेल्या नावाची नोंदच नाही) अशी वॉर्निंग येते. तुम्ही तेवढीच ओळ आणि पीएचपीची फाइल दिलीत, तर उत्तर बहुधा येईल की ती नोंद आहे का हे आधी ‘इससेट’ने तपासा. तपासलंत. वॉर्निंग गेली. नाव मात्र अजूनही पोचत नाही, आणि आता ते सांगायला वॉर्निंगसुद्धा उरली नाही. एआय वापरू नका असं माझं म्हणणं नाही, मीही वापरतो. पण एरर आधी स्वतः वाचा. त्यात ओळीचा नंबर असतो आणि तोही जरा संशयानेच घ्यायचा: महिरपी कंस बंद करायचा राहिला तर पीएचपी बोट दाखवते फाइलच्या शेवटाकडे, चूक असते कितीतरी वर.

व्हिडिओंबद्दल दोनच गोष्टी. वेग कितीही ठेवा, पण तारीख बघा. डेटाबेसशी बोलणारं ‘मायएसक्यूएल_क्वेरी’ हे फंक्शन आणि त्याची भावंडं डिसेंबर २०१५ मध्ये, पीएचपी ७.० मध्ये, काढून टाकली गेली. ती शिकवणारा व्हिडिओ तुम्हाला न चालणारा कोड शिकवतोय. असे व्हिडिओ करणारे बरेच जण फॉर्ममधला मजकूर थेट क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या हुकुमात, जोडतात. म्हणजे एसक्यूएल इंजेक्शनला, फॉर्ममधून स्वतःचा हुकूम घुसवणाऱ्याला, दार उघडंच. पीडीओ (पीएचपीची डेटाबेसशी बोलायची नवी सोय) आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट (हुकूम आणि मजकूर वेगवेगळे पाठवायची पद्धत) दाखवणारा व्हिडिओ शोधा.

पाठांतर तर सोडूनच द्या. मजकुरात शोधणाऱ्या ‘स्ट्रपॉस’मध्ये कुठे शोधायचं ते आधी लिहायचं, यादीत शोधणाऱ्या ‘इन_अ‍ॅरे’मध्ये काय शोधायचं ते आधी. वर्षानुवर्षं पीएचपी लिहिणारेही मॅन्युअल उघडतात. त्यात नियमही बदलतात: दोन बरोबरच्या चिन्हांनी शून्याची ‘एबीसी’ या मजकुराशी तुलना केली तर २०२० पर्यंत उत्तर ‘खरं’ यायचं, पीएचपी ८ पासून ‘खोटं’ येतं.

राहिली आठव्या दिवसाची वेबसाइट. रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये पीएचपीची सुरुवात केली ती आपला ऑनलाइन बायोडेटा किती जण बघतात हे मोजण्यासाठी. गरज एवढीशीच होती. तुम्हीही एवढंसंच काही घ्या. अभिप्रायवही घ्या: एक फॉर्म, लिहिलेलं साठवायचं, खाली दाखवायचं. वेगळा सर्व्हर बसवायचीही गरज नाही. सरावापुरता छोटा सर्व्हर ५.४ आवृत्तीपासून पीएचपीतच मिळतो. वही चालू लागली की अभिप्रायाच्या जागी जावास्क्रिप्टचा एक अलर्ट, स्क्रिप्ट टॅगसकट, लिहून पाठवा. पान उघडताच अलर्टची खिडकी उघडली, तर ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’ हे फंक्शन कशासाठी असतं ते शोधायला बसा.